नवरंगाचे नाव

जून महिना उजाडला की पक्षी बघायला जाणाऱ्या तरुण मंडळींच्या तोंडी एक शब्द सारखा येऊ लागतो, ‘पिट्टा’. कर्नाळ्याला पिट्टा दिसला, ताडोबात पिट्टाचा फोटो मिळाला, असे ते एकमेकांना कळवत असतात. पुण्याला असलेल्या माझ्या नातवालाही हा नाद आहे. मी त्याला म्हटले, अरे, याला आपल्याकडे नवरंग म्हणतात. तर तो म्हणाला, "हो आजोबा, पण इंग्लिश नाव पिट्टाच ना!" या ‘इंग्लिश’ शब्दावर मला थोडे लिहायचे आहे. कारण हा शब्द इंग्रजी नाही, लॅटिन नाही, ग्रीकही नाही. तो तेलुगू आहे. आपल्या सोलापुरात पूर्व भागातल्या घराघरांत बोलला जाणारा तेलुगू. तो जगभरच्या पक्षिशास्त्राच्या पुस्तकांत कसा जाऊन बसला, ही हकिगत मोठी गमतीची आहे. आणि गमतीपलीकडेही तिच्यात काही आहे.

आधी पक्ष्याची ओळख करून देतो. नवरंग साळुंकीपेक्षा लहान, वजनाने पन्नास-साठ ग्रॅमचा. शेपूट इतके आखूड की ते कुणी कापून घेतले की काय असे वाटावे. पाठ हिरवी, पोट बदामी, गळा पांढरा, डोळ्यांवरून मागे गेलेला जाड काळा पट्टा, खांद्यावर आणि शेपटीच्या मुळाशी चकाकता निळा रंग, आणि पोटाच्या खाली लालभडक. आता नऊ रंग मोजायला बसलो तर सहावर गाडी अडते. मग डोक्यावरचा तपकिरी, चोचीचा काळपट आणि पायांचा गुलाबी असे धरून कसेबसे नऊ भरतात. पण नाव ठेवणाऱ्याने काही मोजदाद केली नसणार. नवरंग म्हणजे पुष्कळ रंगांचा, एवढेच.

एवढे रंग अंगावर असून हा पक्षी मिरवत नाही. झाडाखालच्या सावलीत, पाचोळ्यात उड्या मारत फिरतो, पाने उलटून किडे, गांडुळे खातो. तो दिसण्याआधी ऐकू येतो. पहाटे आणि दिवेलागणीला दोन सुरांची खणखणीत शीळ घालतो. तमिळमध्ये त्याला ‘सहा वाजताचा पक्षी’ अशा अर्थाचे नाव आहे ते यामुळेच. हिवाळा तो दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतो आणि पावसाच्या तोंडावर उत्तरेकडे सरकतो. सह्याद्रीच्या जंगलात, विदर्भात, मध्य भारतात, पार हिमालयाच्या पायथ्यापर्यंत जाऊन घरटे करतो. जमिनीवर किंवा खालच्या फांदीवर काड्या-पानांचा गोळा, त्याला बाजूने वाटोळे दार, असे ते घरटे. पाऊस सरला की पुन्हा दक्षिणेला. हा सगळा प्रवास रात्रीचा.

आता कुर्डुवाडीसारख्या ठिकाणी या जंगलच्या पक्ष्याचा काय संबंध, असे कुणी विचारील. आमच्याकडे जंगल नाही. माळ, बाभळी, लिंब, आणि आता ऊस. नवरंग इथे राहायला येत नाही, तो वाटसरू आहे. हे गाव जंक्शन असल्यामुळे वाटसरूंची आम्हाला सवय आहे! उत्तरेला निघालेला एखादा नवरंग थकून एखाद्या पठारी गावात उतरतो. घराच्या ओसरीत, गोठ्यात, कधी थेट खोलीत शिरतो. दोन दिवस परसातल्या लिंबाखाली पाचोळा उलटतो आणि एका रात्रीत निघून जातो.

माझ्या नोकरीच्या काळात एका जूनमध्ये, शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असताना, वळवाच्या पावसाबरोबर असा एक पक्षी शाळेच्या व्हरांड्यात येऊन पडला होता. पोरांनी गलका केला. आमच्या शिपायाने सगळ्यांना मागे सारले, पक्ष्यावर डालगे पालथे घातले, कडेला पाण्याची वाटी ठेवली आणि म्हणाला, "गुर्जी, कुणी हात लावू नका. पावसाचं पाखरू हाय. रातच्याला जाईल आपलं आपुन." संध्याकाळी त्याने डालगे उचलले आणि सकाळी पक्षी नव्हता. त्या पक्ष्याचे नाव शाळेतल्या आम्हा एकाही शिकलेल्या माणसाला सांगता आले नाही. तो रात्रीच जातो हे मात्र त्या चौथी शिकलेल्या माणसाला ठाऊक होते. ‘पावसाचं पाखरू’ हे नाव मला पुढे कुठल्या पुस्तकात दिसले नाही. हे ध्यानात ठेवून पुढची हकिगत वाचावी.

सतराव्या शतकाच्या शेवटी शेवटी मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्ज किल्ल्यात ईस्ट इंडिया कंपनीचा एक सर्जन होता, एडवर्ड बल्कली नावाचा. त्याला झाडपाला, किडे, शिंपले, पक्षी असे सगळे गोळा करण्याची हौस होती. लंडनमध्ये जेम्स पेटिव्हर नावाचा एक औषधविक्या होता, त्याला याहून मोठी हौस. जगभरच्या डॉक्टरांना, खलाशांना पत्रे लिहून तो वस्तू मागवायचा. बल्कलीने त्याला मद्रासकडच्या वीसेक पक्ष्यांची चित्रे पाठवली. त्याच सुमारास जॉन रे या मोठ्या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाचे पक्ष्यांवरचे लॅटिन पुस्तक छापायचे राहिले होते. रे १७०५ मध्ये वारला आणि पुस्तक १७१३ मध्ये बाहेर पडले. त्याला शेवटी पेटिव्हरने ही मद्रासची चित्रे जोडून दिली. भारतातल्या पक्ष्यांची इतकी चित्रे एकत्र युरोपात छापली गेली ती बहुधा हीच पहिली.

त्या चित्रांत आपला नवरंग आहे. इंग्रजांनी त्याला ‘मद्रासचा जे’ म्हटले. जे म्हणजे त्यांच्याकडचा कावळ्याच्या कुळातला एक रंगीत पक्षी. नव्या मुलखात गेलेला माणूस ओळखीचेच नाव नव्या वस्तूला चिकटवतो, तसे हे झाले. पण त्याबरोबर आणखी एक नाव दिले होते, ‘पोन्नंकी पिट्ट’. हे तिथल्या लोकांचे नाव. तेलुगूत पिट्ट म्हणजे लहान पक्षी, पाखरू.

हे नाव बल्कलीला कुणी सांगितले? पक्षी पकडून आणणाऱ्या कुणा पारध्याने, किल्ल्यातल्या नोकराने, चित्र काढणाऱ्याने? पुस्तकात रे आहे, पेटिव्हर आहे, सर्जन आहे. सांगणारा नाही. त्याच्याकडून आलेला शब्द तेवढा आहे.

पुढे १७६६ मध्ये स्वीडनच्या कार्ल लिनियसने आपल्या मोठ्या ग्रंथाच्या बाराव्या आवृत्तीत या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिले. लिनियस भारतात कधी आला नाही. दुसऱ्यांनी लिहिलेली वर्णने वाचून तो पक्ष्यांना नावे देत होता. नवरंगाला त्याने चक्क कावळ्यांच्या गटात टाकले! नाव दिले कॉर्व्हस ब्रॅकियुरस, म्हणजे आखूड शेपटीचा कावळा. नऊ रंगांच्या पक्ष्यात त्याला शेपूट तेवढे दिसले आणि तेही नसलेले. पण लिनियसला हसण्याचे कारण नाही. हजारो प्राणी-वनस्पतींची व्यवस्था एकट्याने लावायला बसलेल्या माणसाचे असे होणारच.

कावळ्यांत हा पन्नास वर्षे राहिला. १८१६ मध्ये लुई व्हिएयो या फ्रेंच पक्षिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले की हे वेगळे कूळ आहे, याला स्वतंत्र नाव पाहिजे. आणि नाव म्हणून त्याने निवडला तो शतकभर जुना तेलुगू शब्द, पिट्टा. शास्त्राचा नियम असा की गट बदलला तरी पहिल्याने दिलेले विशेषण सोडायचे नाही. म्हणून आज नवरंगाचे शास्त्रीय नाव आहे पिट्टा ब्रॅकियुरा. निम्मे तेलुगू, निम्मे ग्रीक! त्याच्यापुढे कंसात लिनियसचे नाव आणि १७६६ हे साल लिहितात. नाव देणारा असा कायमचा नावाला चिकटून राहतो.

पुढे याच कुळातले चाळीसच्या वर पक्षी मलाया, बोर्निओ, न्यू गिनी, ऑस्ट्रेलिया, अगदी आफ्रिकेतही सापडले. जंगलात जमिनीवर राहणारे, आखूड शेपटीचे, रंगांची उधळण असलेले. या सगळ्यांना इंग्रजीत पिट्टाच म्हणतात. ज्या मुलखात तेलुगूचा एक शब्दही कुणी ऐकलेला नाही, तिथले लोक आपल्या पक्ष्याला मद्रासच्या कुणा अनाम माणसाच्या शब्दाने ओळखतात.

या गोष्टीचा एक पुढचा धागा मला सर्वांत मोलाचा वाटतो. थॉमस जर्डन नावाचा आणखी एक सर्जन मद्रासच्या फौजेत होता. हाही पक्षीवेडा. त्याचा भारतीय पक्ष्यांवरचा ग्रंथ १८६२ ते १८६४ या काळात निघाला. त्यात नवरंगाची तीन देशी नावे आहेत: हिंदी नौरंग, बंगाली शुमचा, आणि तेलुगू ‘पोनंकी’. म्हणजे १७१३ च्या पुस्तकात आलेला शब्द दीडशे वर्षांनी एका दुसऱ्या माणसाने पुन्हा लोकांच्या तोंडून ऐकून लिहून घेतला. मधल्या काळात किती राजवटी बदलल्या, किती लढाया झाल्या, किती दुष्काळ पडले. शब्द तसाच होता. कुठल्याही शाळेत तो शिकवला जात नव्हता. बापाने पोराला रानात बोट करून दाखवले, पोराने आपल्या पोराला, एवढ्यावरच तो टिकला.

जर्डनने आणखी एक नोंद केली आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला कर्नाटक किनाऱ्याकडे, म्हणजे मद्रासच्या बाजूला, पश्चिमेचे वारे जोरात सुटले की हे पक्षी वाऱ्याने ढकलले जाऊन झोपड्यांत, गोठ्यांत, सापडेल त्या आडोशाला शिरतात, असे तो सांगतो. त्याने पाहिलेला पहिला नवरंग मद्रासच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात आसऱ्याला आला होता! नंतर नेल्लोरला त्याला असे अनेक जिवंत पक्षी मिळाले. मी हे वाचले तेव्हा आमच्या शिपायाचे डालगे आठवले. दवाखान्यात शिरलेल्या पक्ष्याची नोंद झाली, कारण तिथे लिहून ठेवणारा माणूस होता.

आपल्या दख्खनचीही अशीच हकिगत आहे. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनीचा लष्करी अधिकारी. १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्याला दख्खनची सगळी माहिती गोळा करायच्या कामावर नेमले. शेती, लोकसंख्या, पाऊस, मासे, पक्षी, काही म्हणून त्याने सोडले नाही. १८३२ मध्ये लंडनला त्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. शास्त्राला तोवर माहीत नसलेले कितीतरी पक्षी त्यात होते. आमच्या माळावरच्या एका चंडोलाला त्याने ‘देवा’ असे नाव दिले, एका छोट्या वटवट्याला ‘रामा’, एका रातव्याला ‘महरट्टेन्सिस’ म्हणजे मराठी मुलखाचा. आणि कुर्डुवाडीच्या प्रत्येक बाभळीवर कलकलाट करणारा जो मोठा राखी सातभाई, त्याला नाव दिले ‘मालकोल्मी’, मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्यावरून! साइक्सने परिश्रम मोठे केले, यात शंका नाही. त्याच्या नावांत देव आले, राम आला, गव्हर्नर आला. पण त्याला माळावर घेऊन जाणारा, चंडोलाचे घरटे दाखवणारा धनगर किंवा फासेपारधी त्या नावांत आला नाही.

नावावरून आमच्याच गावाचे सांगतो. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी सुरू झाली तेव्हा आमच्या स्टेशनाचे नाव ‘बार्शी रोड’ होते. गाव कुर्डुवाडी, पण रेल्वेच्या वहीत बार्शीला जाण्याचा रस्ता, एवढीच त्याची ओळख. साहेबाला जिथे जायचे होते त्याचे नाव त्याने ठेवले. पुढे पाटी बदलली आणि कुर्डुवाडी झाले. पाटी बदलता आली, कारण गावातली माणसे कुर्डुवाडी हे नाव बोलत राहिली होती. ती विसरली असती तर बदलून लिहायचे तरी काय?

सोलापुरात विणकाम करणाऱ्या पद्मशाली समाजाच्या घरांत आजही तेलुगू बोलतात. तिथल्या माझ्या एका मित्राला मी पिट्टाची ही गोष्ट सांगितली तेव्हा तो हसायलाच लागला. म्हणाला, "सर, आमच्यात चिमणीपासून सगळं पिट्टच. आणि गच्चीच्या कठड्याला काय म्हणतो माहितीय? पिट्टगोड!" गोड म्हणजे भिंत. पाखरे येऊन बसतात ती भिंत, म्हणून पिट्टगोड. मोठ्या गोष्टीत मधेच सांगितलेल्या छोट्या गोष्टीला ते ‘पिट्टकथ’ म्हणतात. घरात इतक्या सहजतेने वापरात असलेला शब्द शास्त्राच्या ग्रंथात मानाने बसला आहे, हे त्याला साठ वर्षांत कुणी सांगितले नव्हते. सोलापूरच्या शाळांतून हे सांगायला काय हरकत आहे? विणकराच्या पोराला वर्गात किती अभिमान वाटेल!

श्रीलंकेत नवरंगाला ‘अविच्चिया’ म्हणतात. तिथे एक लोककथा आहे. मोराने या पक्ष्याचा झगा चोरला. तेव्हापासून हा बिचारा तक्रार करत फिरतो, ‘आला नि गेला, आला नि गेला, पुन्हा येईल तेव्हा सांगेन!’ त्याच्या शिळेत सिंहली माणसाला हे शब्द ऐकू येतात. हिवाळ्यात येऊन उन्हाळ्यात निघून जाणाऱ्या पक्ष्याला ‘आला नि गेला’ ही ओळख किती चपखल! अशी कथा सुचायला लोकांनी तो पक्षी पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेला असावा लागतो.

आपल्या मराठीत हे लिहून ठेवण्याचे काम ज्यांनी केले त्यांतले एक मोठे नाव सोलापूरचेच, मारुती चितमपल्ली. १९३२ मध्ये सोलापुरात जन्म, सगळी नोकरी वनखात्यात, आणि १८ जून २०२५ रोजी सोलापुरातच त्यांनी डोळे मिटले. २००६ मध्ये सोलापूरला साहित्य संमेलन भरले तेव्हा तेच अध्यक्ष होते. ज्या वर्षी गेले त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा ‘पक्षीकोश’ मी पुन्हा पुन्हा चाळतो. विदर्भाच्या जंगलात त्यांनी आयुष्य घालवले आणि गोंड, कोरकू, ढीवर अशा लोकांकडून पक्ष्यांची, झाडांची नावे वेचली. अमुक गोष्ट मला अमुक माणसाने सांगितली, असे त्यांच्या लेखनात सारखे येते. सांगणाऱ्याला त्यांनी गाळले नाही. वनखात्याच्या अधिकाऱ्याने रानातल्या माणसाला गुरू मानावे, ही मला त्यांच्या सगळ्या ज्ञानाहून मोठी गोष्ट वाटते.

आता काळजीची गोष्ट. नवरंग तूर्त नामशेष होण्याच्या वाटेवर नाही. जागतिक यादीत तो कमी चिंतेच्या वर्गात आहे. जंगले तुटली तर त्याचेही दिवस फिरतील आणि रात्री उडताना काचेच्या इमारतींवर आपटून पडणारे पक्षी आजही सापडतातच. तरी पक्षी बहुधा टिकेल. त्याची नावे मात्र टिकतील असे वाटत नाही. पूर्वी नाव बापाकडून पोराकडे जात होते. आता पोरगा रानात जात नाही, आणि गेला तर मोबाइलला विचारतो. मोबाइल त्याला छापलेले एकच नाव सांगतो. ते बरोबरच असते. पण ‘पावसाचं पाखरू’ मोबाइलला माहीत नाही, कारण ते त्याला कुणी सांगितलेच नाही. आमचा तो शिपाई केव्हाच गेला. त्याच्या मुलाला मी एकदा विचारले. त्याला वडिलांचे डालगे आठवत होते, नाव आठवत नव्हते. दीडशे वर्षे न पुसलेला शब्द एकीकडे आणि एका पिढीत पुसलेला शब्द दुसरीकडे!

तरुण पक्षीमित्रांनी पिट्टा म्हणू नये असे मी म्हणणार नाही. खुशाल म्हणा, तो आपल्या शेजारणीचा शब्द आहे. फक्त कॅमेरा घेऊन जाल तेव्हा खिशात एक वही असू द्या. वाटेत शेळ्या राखणारी म्हातारी भेटेल, विहिरीवर मोट हाकलेला एखादा म्हातारा अजून भेटेल. त्यांना पक्ष्याचे चित्र दाखवा आणि विचारा, आजी, याला तुमच्यात काय म्हणतात? बाबा, हे कधी येतं? जे सांगतील ते जसेच्या तसे लिहून घ्या. आणि शेजारी त्यांचे नाव, गाव आणि तारीख लिहायला विसरू नका. मद्रासच्या सर्जनाकडून राहून गेले ते एवढेच.